ड्रम काढून डिस्क लावली, पण मास्टर सिलिंडरचं काय?

जुन्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो. तापलेल्या लायनरचं घर्षणही कमी होतं. मग पेडल खोल जातं, ब्रेक मात्र नीट लागत नाही. म्हणून हौशी मालक पुढच्या चाकांना डिस्क बसवून घेतात. ते बरोबरच आहे, कारण डिस्क उघडी असते, लवकर थंड होते.

पण आमच्या घर्षणाच्या विषयातली गंमत इथेच आहे. ड्रममधला लीडिंग शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप आणखी आवळला जातो. म्हणजे पायाला फुकटची मदत! डिस्कमध्ये ती मिळत नाही. तेवढ्याच ब्रेकसाठी पेडल जास्त जोरात दाबावं लागतं. म्हणून बहुतेकदा व्हॅक्यूम बूस्टर लागतो.

दुसरं म्हणजे, ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये अनेकदा सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच सिलिंडर ठेवला, तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात. ज्या उष्णतेपासून सुटायचं होतं, तीच परत!

तेव्हा गॅरेजमध्ये ‘डिस्क केवढ्याला?’ याच्या आधी ‘सिलिंडर कुठला टाकणार?’ हे विचारा.