‘डीएम’, ई 14 आणि मधुमेह : मॅपिंगमध्ये नेमकं काय हरवतं?

समजा, कुपवाड एमआयडीसीतला एक कामगार मिरजेला दवाखान्यात गेला. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं ‘डीएम’. घरी येऊन तो सांगणार, ‘शुगर निघाली’. ही नोंद दुसऱ्या हॉस्पिटलच्या संगणकाला कळायची तर दोन गोष्टी लागतात. एक, नोंदीचा साचा, म्हणजे कुठल्या रकान्यात काय. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने तो एफएचआयआर (उच्चार ‘फायर’) या मानकातून घेतलाय. दुसरी, रकान्यात भरायचा कोड. कोडचा अर्थ साच्याला कळत नाही, त्यासाठी टर्मिनॉलॉजी सर्व्हर. हा कोड खरा आहे का, अमुक आजार तमुकचा उपप्रकार आहे का, दुसऱ्या यादीत याला काय म्हणतात, हे सगळं त्याला विचारायचं.

स्नोमेड सीटीत मधुमेहाचा कोड 73211009, टाइप 2 चा 44054006. दुसरा पहिल्याच्या पोटात येतो हे सर्व्हरला माहीत असतं, म्हणून ‘सगळे मधुमेही दाखव’ म्हटलं की टाइप 2 वाले आपोआप येतात. (भारत 2014 पासून स्नोमेडचा सदस्य आहे आणि देशातलं काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालतं. त्यामुळे नोंदणी केली की आपल्याला ते मोफत मिळतं.)

आता मॅपिंग. नुसत्या ‘डीएम’वरून टाइप कळत नाही. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-10 मध्ये त्यासाठी ई 14 आहे, म्हणजे प्रकार न सांगितलेला मधुमेह. अमेरिकेच्या आयसीडी-10-सीएम आवृत्तीत ई 14 च नाही. तिथे प्रकार लिहिलेला नसेल तर ई 11, म्हणजे टाइप 2 धरतात. नेटवर सहज मिळणारा अमेरिकी मॅप उचलून आपल्या डेटावर चालवला, की केसपेपरवर फक्त ‘डीएम’ असलेलं, इन्सुलिनवरचं सोळा वर्षांचं पोरगंसुद्धा टाइप 2 मध्ये जाऊन बसतं. सर्व्हर एरर देत नाही, कारण कोड तर खराच आहे. माझ्या मते या विषयातला सगळ्यात घातक प्रकार हाच.

‘मधुमेह’ या शब्दाचा घोळ तर खास आपलाच. रोजच्या मराठीत मधुमेह म्हणजे डायबेटीस. आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार, आणि त्यातल्या चार वातज प्रमेहांपैकी एक मधुमेह. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते पोर्टलवर अशा संज्ञांना कोड आहेत, आणि जानेवारी 2024 मध्ये डब्ल्यूएचओने आयुर्वेद, सिद्ध, युनानीच्या संज्ञा घेऊन आयसीडी-11 चा टीएम 2 हा भाग आणला. नाव सारखं म्हणून तिथल्या मधुमेहासमोर 73211009 मांडून ‘समान’ लिहायचं का? मी लिहिणार नाही. निदानाचे निकषच वेगळे आहेत : इकडे रक्तातली साखर, तिकडे दोष आणि मूत्राची लक्षणं. संबंध आहे, एवढंच म्हणता येतं.

तेवढं म्हणायची सोय फायरच्या कन्सेप्टमॅपमध्ये आहे. फक्त दिशा सांभाळा. आर 4 आवृत्तीत ‘वायडर’ म्हणजे लक्ष्य-संज्ञा मूळ संज्ञेपेक्षा व्यापक. अनेक जण उलटं वाचतात. आर 5 मध्ये म्हणूनच बरं झालं, शब्दांतच ‘मूळ संज्ञा लक्ष्यापेक्षा संकुचित’ असं सरळ येतं.

आणखी एक. फायरच्या निदानाच्या रकान्यात एकापेक्षा जास्त कोड बसतात, शिवाय मूळ मजकुरालाही जागा असते. तिथे ‘डीएम’ जसंच्या तसं ठेवा. उद्या मॅप बदलला तर पुन्हा कोड लावायला तेच उपयोगी पडतं.