मूल सांभाळणाऱ्यांनाही सोबत हवी

आई-वडील गेले आणि पोरं मामाकडे किंवा काकांकडे वाढली, असं एखादं उदाहरण आपल्या बऱ्याच घरांत सापडेल. ‘लेकरू आहे, दोन घास जास्त रांधू’ असं म्हणून घरचे त्याला ठेवून घेतात. पण प्रश्न दोन घासांवर संपत नाही. आठ वर्षांचं मूल घरी येतं आणि महिनाभराने त्याच्या गादीखाली शिळ्या पोळ्या सापडतात. काकू दुखावते, आजी म्हणते, ‘सवयच वाईट.’ ज्या मुलाने उपास काढलेत, ते फक्त उद्याची तजवीज करत असतं. पण हे काकूला सांगणार कोण?

नात्यातल्या मुलांसाठी मध्य प्रदेशात 2022 पासून मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे. आई-वडील नसलेल्या आणि नातेवाईकांकडे राहणाऱ्या मुलाला त्यातून महिन्याला 4000 रुपये मिळतात. नात्याबाहेरच्या कुटुंबात मूल ठेवायचं असेल, तर 2015 च्या बालन्याय कायद्यात फोस्टर केअरची सोय आहे. ते दत्तक घेणं नव्हे. बाल कल्याण समिती कुटुंब निवडते, मूल त्यांच्याकडे सोपवते आणि पुढेही लक्ष ठेवते. परिस्थिती सुधारली तर मूल आपल्या आई-वडिलांकडे परतही जाऊ शकतं. 2024 पासून 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही असं पालक होता येतं.

पैसा आणि कागद यांची वाट अशी आहे. खरी भीती वेगळीच असते. ‘आता आमच्याने होत नाही’ म्हणून मूल परत पाठवलं जातं, तेव्हा ते दुसऱ्यांदा घराला मुकतं.

अमेरिकेतल्या ओरेगनच्या संशोधक पॅट्रिशिया चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन दिएगोतल्या अशा कुटुंबांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की हट्ट, खोटं बोलणं, उलट उत्तर असे दिवसाला 6 पर्यंत प्रकार पालक निभावून नेतात. त्यापुढे प्रत्येक वाढत्या प्रकारागणिक मूल त्या घरातून जाण्याचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मूल सर्वगुणसंपन्न व्हायची गरज नाही. रोजची कटकट थोडी कमी झाली तरी घर टिकतं.

त्यासाठी त्यांनी ‘कीप’ नावाचा गट-वर्ग चालवला. सात ते दहा पालक, 16 आठवडे, दर आठवड्याला दीड तास. नात्यातले आणि नात्याबाहेरचे पालक एकत्रच बसत. व्याख्यान कमी, आठवड्यात घरी काय घडलं याची चर्चा जास्त. एखादी युक्ती तिथेच नाटकासारखी करून पाहायची, घरी वापरायची आणि पुढच्या वेळी सांगायची. कुणी आलं नाही, तर चालवणारे त्याच्या घरी जात.

आपली काकू अशा गटात असती तर? पोळ्यांची गोष्ट निघताच दुसरी म्हणाली असती, ‘आमच्याकडे बिस्किटं निघाली होती!’ तिसरीने सुचवलं असतं, की मुलाच्या हाताला येईल असा एक डबा ठेव, त्यात रोज काहीतरी खायला असू दे आणि त्याला तसं सांग. काकूला दोन गोष्टी कळल्या असत्या: मूल चोर नाही आणि आपण वाईट नाही.

बसायची सवय आपल्याला आहेच. भिशी महिन्याच्या महिन्याला भरते, हळदीकुंकवाला सगळ्या जमतात. तशीच महिन्यातली एक दुपार अशा पालकांसाठी ठेवता येईल. शेजारच्या खोलीत कुणीतरी मुलांना खेळवावं, म्हणजे आयांना मोकळेपणी बोलता येईल. आजोबा आणि काकांनीही यावं, नाहीतर घरी जाऊन सगळं पुन्हा समजवावं लागतं. महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा बालसंरक्षण एककातून कुणाला बोलावलं, तर अर्जांच्या शंकाही तिथेच सुटतील.

नियम मात्र एक हवा: खोलीतलं बोलणं खोलीतच राहावं. आपलं गाव लहान आहे. मुलाची कहाणी चौकात पोचली, तर ते शाळेत मान वर करू शकणार नाही.

कुणाचं लेकरू सांभाळत असाल, तर पुढच्या भिशीत बाजूला घेऊन कुणाशी तरी बोला. आणि अडचणीतलं मूल दिसलं, तर 1098 वर फोन करा.