लाखोळीचं पोतं

आदिलाबादच्या आमच्या घरी गोठ्याला लागून एक कोंदट खोली होती. तिथे सरकी, ढेप, तुरीचं कुटार आणि कोपऱ्यात एक पोतं असायचं. ते पोतं दर उन्हाळ्यात आईच्या माहेरून, मूल तालुक्यातून यायचं. त्यातले दाणे करडे, ठिपक्याठिपक्यांचे आणि कुऱ्हाडीच्या पात्यासारखे एका बाजूने उतरते होते. मी एकदा मूठभर दाणे फ्रॉकच्या खिशात घातले तेव्हा आजी धावत आली. "टाक ते! बैलायचं हाय. माणसानं खाल्लं त पाय जातात."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. पण तिच्या माहेरी आम्ही सुट्टीत गेलो की याच दाण्याची डाळ ती आवडीने खायची, कोवळ्या पाल्याची भाजी खायची, आणि कुणाचेच पाय गेलेले नव्हते. म्हणजे एका आजीच्या घरी जे विष, तेच दुसऱ्या आजीच्या घरी वरण. लहानपणी हे कोडं मला सुटलं नाही आणि पुढे मी ते विसरून गेले.

यंदा ते परत समोर आलं, तेही लेकीमुळे. ती इथे राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय शिकते. तिला वर्गात बोलायला विषय मिळाला, 'जनावरांच्या खाद्यातील कडधान्ये'. रात्री जेवताना म्हणाली, "आई, लॅथिरस म्हणून काहीतरी आहे. मराठीत लाख किंवा लाखोळी लिहिलंय. तुला माहीत आहे का?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. ती खोली, ते पोतं, आजीचा आवाज असं सगळं एकदम आठवलं. आणि त्यासोबत आणखी एक माणूस आठवला. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

आपल्या मंडळातल्या तरुण मुलांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून एक सांगून ठेवते. आदिलाबाद आणि चांदा ही दोन वेगळ्या राज्यांतली गावं वाटतात, पण 1956 पर्यंत राजुरा आणि किनवट हे तालुके हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पैनगंगेच्या अल्याड-पल्याड सोयरिकी, बाजार, भाषा सगळं एकच. फरक पडतो तो जमिनीत. आमच्याकडे काळी, कापूस-ज्वारीची. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे गेलं की तळी आणि धानाच्या बांध्या. लाखोळी ही त्या धानाच्या मुलखातली.

तिची पेरणी पाहिली की मला अजून गंमत वाटते. धान अजून उभं असतं, लोंब्या पिवळ्या पडायला लागलेल्या, बांधीत पायाला चिखल लागतो. कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी त्या उभ्या धानात लाखोळीचं बी नुसतं फेकायचं. नांगर नाही, वखर नाही, खत नाही. याला उतेरा म्हणतात. धान कापलं जातं तोवर खाली बी उगवून आलेलं असतं, आणि मग जमिनीत उरलेल्या ओलीवर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाढतं. निळी, पांढरी, गुलाबी फुलं येतात. पाणी साचलं तरी सहन करतं, पाऊस फिरला तरी मरत नाही. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात. दाण्यात पाव हिश्शाहून जास्त प्रथिनं. ज्याच्याकडे विहीर नाही, बैल नाही, पैसा नाही, त्याचं हे पीक.

आणि नेमकी तिथेच गोम आहे.

दाण्यात एक अमिनो आम्ल असतं, त्याला थोडक्यात 'ओडॅप' म्हणतात. 1964 मध्ये एस. एल. एन. राव, पी. आर. आडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी ते लाखोळीच्या बियांतून वेगळं काढलं. त्यातले राव पुढे आपल्या उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक होते. मेंदू आणि मज्जारज्जूत निरोप पोचवणारं ग्लुटामेट नावाचं रसायन असतं. ओडॅप त्याची नक्कल करतं आणि पायांना हुकूम देणाऱ्या पेशींना इतकं चेतवत ठेवतं की त्या थकून मरतात. मग पाय ताठरतात. माणूस टाचा न टेकता, गुडघे एकमेकांवर घासत चालतो, पुढे काठी, त्याच्याही पुढे बसून सरकणं. लाखोळी खाणं थांबवलं की आजार वाढत नाही, पण गेलेलं परतही येत नाही. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात.

लेकीने विचारलं, "मग तुझ्या आजोळची माणसं कशी वाचली?" प्रश्न बरोबर होता. उत्तर असं आहे की हे विष ताटावर अवलंबून असतं. भात आहे, भाजी आहे, थोडं ताक आहे आणि त्यात वाटीभर लाखोळीचं वरण, तर सहसा काही होत नाही. पण पोटातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीच असेल, तेही सलग दोन-तीन महिने, तर धोका सुरू होतो. लाखोळीच्या प्रथिनांत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात. ती भात-ज्वारीतून मिळतात, आणि मिळाली की शरीराला थोडं संरक्षण राहतं. दुष्काळात नेमकं उलटं होतं. धान जळतं, ज्वारी जळते, उरते फक्त लाखोळी.

इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलंय. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 च्या आसपास सागर भागात गव्हाचं पीक बुडाल्यावर लोकांनी हेच खाल्लं आणि तरुण माणसं अपंग झाली, असं लिहून ठेवलंय. स्पेनचा चित्रकार गोया याच्या युद्धचित्रांत माद्रिदच्या दुष्काळातलं एक चित्र आहे. त्याच्या नावातच या दाण्याच्या पिठाचे आभार मानलेत. दुसऱ्या महायुद्धात व्हाप्नियार्काच्या छळछावणीत ज्यू कैद्यांना हाच दाणा खायला घातला. तिथेच कैदी असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी आजार ओळखला. आणि मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हाच दाणा मोजून दिला जायचा. पाय गेलेल्यांत तेच जास्त.

रीवाचं वाचलं आणि मी तिथेच थांबले.

आजोळी एक सालगडी होता. आम्ही त्याला काका म्हणायचो. गुढीपाडव्याला त्याचं साल ठरायचं. थोडे पैसे, धोतरजोडी, आणि बाकी धान्य. तो बांबूची काठी घेऊन चालायचा, टाचा न टेकता, गुडघे घासत. आम्ही मुलं त्याच्या मागे तसंच चालून दाखवायचो. आजोबा रागवायचे, पण हसायचेही. तो नांगर धरू शकत नव्हता म्हणून गोठ्याचं बघायचा. आजोबा किती दयाळू, अपंगालाही कामावर ठेवलंय, असं गावात म्हणत. मीही तेच समजून मोठी झाले.

आता विचार करा. तो कामावर आला तेव्हा अपंग होता, की आमच्या घरी होऊन गेला? त्याच्या धान्यात लाखोळी किती होती?

मी मामाला फोन लावला. मामा आता ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, पण डोकं साफ. आधी म्हणाला, "पोलिओ असंल." मग बराच वेळ गप्प. मग हळू आवाजात, "बाहत्तरच्या आधी तो बरा होता वाटते. दुष्काळात धान नव्हतंच बाई. घरात लाखोळी होती, तीच सगळ्यायनं खाल्ली. आमीबी खाल्ली." मी म्हटलं, "मामा, तुमच्याकडे सोबत काहीतरी असेल ना?" तो म्हणाला, "असंल. जुना तांदूळ होता थोडा. म्हैस होती." आणि काकाकडे? "त्याच्याकडे काय असणार."

यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. डॉक्टरने त्याला कधी तपासलं नाही. पोलिओही असू शकेल. पण तेव्हापासून आमच्या आजोबांचा दयाळूपणा मला पहिल्यासारखा आठवत नाही.

सरकारने 1961 मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. पिकवण्यावर नाही, विकण्यावर, हे लक्षात घ्या. काही राज्यांनी ती लागूच केली नाही. परिणाम असा झाला की लाखोळी पिकत राहिली आणि तूरडाळीत, हरभऱ्याच्या डाळीत, बेसनात गुपचूप मिसळली जाऊ लागली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. हे गरिबाचं पीक आहे आणि दोष भुकेचा आहे, डाळीचा नाही, असं त्यांचं म्हणणं. 2008 मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यातली बंदी उठवली. 2011 च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत मात्र विक्रीबंदी कायम राहिली. 2016 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमी ओडॅपच्या वाणांच्या बाजूने कौल दिला तेव्हा पुन्हा वादळ उठलं. मला दोन्ही बाजू पटतात, हीच अडचण आहे. कोठारींचं म्हणणं खरं आहे. पण दुष्काळात मोजून मजुरी देणारा माणूस वाण विचारून देत नाही, हेही खरं.

वाणांवर काम झालंय, आणि चांगलं झालंय. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने 'पुसा 24' आणि त्यापासून ऊतीसंवर्धनाने 'रतन' काढला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 2008 मध्ये 'महातिवडा' दिला. छत्तीसगडात लाखोळीला तिवडा म्हणतात. रतन, प्रतीक, महातिवडा या तिन्हींत ओडॅप 0.1 टक्क्याहून कमी. पण पाऊस कमी पडला, जमीन वेगळी असली की हे प्रमाण वाढतं, शिवाय शेजारच्या बांधीतल्या देशी वाणाशी परागीकरण होऊन बी बिघडतं. आमच्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तर साठच्या दशकातच घरगुती उपाय दिला होता. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, बराचसा ओडॅप त्याच्यासोबत जातो. मी वीस वर्षं त्या संस्थेच्या फाटकासमोरून ऑफिसला जाते. मला हे माहीत नव्हतं.

लेकीचा मूळ विषय जनावरांचा, तो राहूनच चालला. तिथे आजीचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. गाई-बैलांच्या पोटातले सूक्ष्मजीव ओडॅप बऱ्यापैकी मोडतात, त्यामुळे त्यांना लाखोळीचा दाणा आणि कुटार चालतं. घोड्यांना चालत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये भारतातून गेलेला हा दाणा खाऊन गाडीचे घोडे घशातून घरघरत कोसळायचे. कोंबड्या-डुकरांनाही बेतानेच द्यावं लागतं.

तिच्या यादीत लाखोळीशेजारी वाटाणा होता, शेतातला कोरडा वाटाणा. मेंडेलचा प्रयोग शाळेत सगळ्यांनी पाठ केलाय, तोच हा. त्याला असलं काही विष नाही, प्रथिनं थोडी कमी पण पचायला सोपी. त्याची खोड म्हणजे तो लोळतो. म्हणून हिसारच्या विद्यापीठाने 'अपर्णा' नावाचा बुटका वाण काढला. त्याच्या पानांच्या जागी ताणेच असतात, आणि शेजारी शेजाऱ्याला धरून सगळं शेत उभं राहतं. कॅनडात असा वाटाणा जनावरांच्या खाद्यासाठी आणि निर्यातीसाठी प्रचंड पिकतो. आपण रगड्यात आणि स्वस्त बेसनात खातो तो पिवळा वाटाणा बराचसा तिकडचाच. 2017 मध्ये त्यावर 50 टक्के आयातशुल्क लागलं, डिसेंबर 2023 मध्ये ते शून्यावर आलं. असा स्वस्त वाटाणा बंदरात उतरला की तूर-हरभऱ्याचे भाव पडतात, आणि त्याची झळ आदिलाबादच्या बाजारातही बसते. लेक म्हणाली, वाटाण्यावर दहा मिनिटं बोलणं सोपं आहे, लाखोळीवर कठीण.

मामाने मागच्या महिन्यात कुणासोबत तरी दोन किलो लाखोळी पाठवली. आता तो उतेरा फक्त एका बांधीत घेतो. हार्वेस्टरने धान काढलं की खालचं उगवलेलं सगळं चाकाखाली जातं, म्हणून ती एक बांधी अजून हाताने कापतात. बैल विकले, एक गाय आहे, तिच्यासाठी. मी डाळ गरम पाण्यात भिजवली, पाणी ओतून दिलं, परत भिजवली. चिंच-गूळ घालून वरण केलं. नवऱ्याने संशयाने दोन चमचे खाल्लं. लेकीने वाटीभर. चव तुरीपेक्षा जरा मातकट, पण माझ्या जिभेला ती ओळखीची होती.

पोत्याच्या चिठ्ठीमागे मामाने एक मोबाईल नंबर लिहून पाठवलाय. त्या काकाचा नातू बल्लारपूरला असतो, कागदाच्या कारखान्यात. "विचारायचं त त्याले विचार," असं खाली. चिठ्ठी फ्रिजवर लावलीय. तीन आठवडे झाले, अजून फोन केलेला नाही.