खेळ अडखळतो तेव्हां दोष कोणाचा?

घरांत संगणक आला म्हणजे त्याच्यामागून संगणकावरील खेळही येतात, ही गोष्ट आतां आमच्या वाचकांना निराळी सांगावयास नको. मुलांनीं हे खेळ खेळावे कीं नाहीं, खेळावे तर किती वेळ, या प्रश्नांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. तो येथें करण्याचा विचार नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान, पण घरच्या खर्चाशीं आणि घरांतील माणसांच्या मनाशीं निकट संबंध असलेला आहे. मुलानें हौसेनें नवा खेळ विकत घेतला आणि तो नीट चालेना, तर काय करावें? रत्नागिरीस आमच्याच घरीं गेल्या वैशाखांत हा प्रसंग आला. त्यांत आमची जी चूक झाली ती इतरांच्या उपयोगीं पडेल, म्हणून ती प्रथम सांगतों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. माझा पुतण्या बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. अभ्यासाच्या दिवसांत त्याचा संगणक चार महिने झांकून ठेवलेला होता. परीक्षा आटोपल्यावर त्यानें साठविलेल्या पैशांतून एक नवा खेळ घेतला, आणि पहिल्याच दिवशीं त्याचा विरस झाला. पडद्यावरील माणूस ठेचा खात चाले. कळ दाबल्यावर क्षणभरानें त्याचा हात उठे. पुतण्या म्हणाला, “काका, यांतलें ग्राफिक्स कार्ड जुनें झालें. नवें घेतल्यावांचून हा खेळ चालावयाचा नाहीं.” नव्या कार्डाची किंमत चाळीस हजारांच्या घरांत होती. आंब्याचे पैसे नुकतेच हातीं येत होते. पण त्यांतून घराचीं कौलें चाळावयाचीं होतीं आणि धाकट्या पुतणीची फी भरावयाची होती. माझे वडील, ती. आप्पा, म्हणाले, “दोष यंत्राचा नव्हे, या नादाचा आहे.” मींही भर घातली कीं मुलानें नको नको तें यंत्रांत भरून ठेविलें असेल. त्यानंतर दोन दिवस मुलगा पंक्तीला मुकाट्यानें बसे आणि मुकाट्यानें उठे. वहिनींना तें दिसत होतें, पण वडील माणसांपुढें त्यांना बोलतां येईना.

तिघांनीं तीन निदानें केलीं होतीं. रोग्याची नाडी मात्र कोणींच पाहिली नव्हती.

चित्रें कोठें अडतात?

सिनेमांत सेकंदाला २४ चित्रें डोळ्यांपुढून सरकतात, पण तीं आधींच तयार असतात. संगणकावरील खेळांतलें प्रत्येक चित्र त्याच क्षणीं रंगवावें लागतें, कारण खेळणारा पुढच्या क्षणीं कोठें वळेल हें कोणास ठाऊक नसतें. सेकंदाला ६० चित्रें हवीं असतील तर एका चित्रास सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारें १६.७ मिलिसेकंद, एवढाच वेळ मिळतो. तेवढ्यांत प्रोसेसरनें कोण कोठें आहे याचा हिशेब करावयाचा, रॅमनें लागणारी सामग्री हाताशीं ठेवावयाची, डिस्कनें पुढचा देखावा आणून द्यावयाचा आणि ग्राफिक्स कार्डानें तो रंगवावयाचा. पंक्तींत भात पडला आणि वरण आलें नाहीं, तर सारी पंगत खोळंबते. तेथें भात वाढणाऱ्याच्या जागीं दुसरा माणूस आणून कांहीं होत नाहीं. येथेंही कोणता वाढपी मागें राहिला हें प्रथम पाहिलें पाहिजे.

टीव्हीला जोडावयाच्या खेळयंत्रांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं, कारण एका नमुन्याचीं सारीं यंत्रें सारखींच असतात, आणि खेळ करणारे त्या मापाचा अंगरखा शिवून देतात. याचें आपल्याकडील उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ. आपल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ही कथा आहे, आणि तींत दुर्गा व विष्णु हे निवेदक आहेत. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम निन्टेन्डो स्विच या हातांत धरावयाच्या लहानशा यंत्रावर आला, व ऑक्टोबर २०२० मध्यें संगणकावर. स्विचची शक्ति बेताची. परंतु त्या यंत्रास किती पेलेल याचा विचार करणाऱ्यांनींच केलेला असतो. घरोघरच्या संगणकांचें तसें नाहीं. कोणाचें कार्ड नवें तर रॅम थोडी, कोणाचा पडदा मोठा तर प्रोसेसर जुना. म्हणून संगणकावरील खेळांत सेटिंग्जचें पान दिलेलें असतें. खेळ करणाऱ्यानें अर्धवट सोडलेलें तें काम गृहस्थानें स्वतः पुरें करावयाचें असतें.

आप्पांची वही

मृग लागल्यापासून रोज सकाळीं पर्जन्यमापकांतील पाऊस वहींत टिपून ठेवण्याचा आप्पांचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. तिसऱ्या दिवशीं त्यांनींच नातवाला हांक मारून एक कोरी वही दिली व म्हटलें, “कार्ड जुनें झालें म्हणतोस, तें मला दाखव. एका वेळीं एकच गोष्ट बदल, आणि काय झालें तें लिही.” या एका वाक्यांत तपासणीचें सारें शास्त्र आलें. दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि खेळ सुधारला, तरी कशानें सुधारला हें कळत नाहीं. आणि बिघडला तर परतीची वाट सांपडत नाहीं.

आरंभीं आम्हीं खेळाच्या विक्रीच्या पानावर दिलेली किमान व शिफारस केलेली सामग्री आमच्या यंत्राशीं ताडून पाहिली. आमचें यंत्र या दोहोंच्या मध्यें बसत होतें. म्हणजे खेळ बऱ्यापैकीं चालावयास हवा होता. मग सेकंदास किती चित्रें पडतात तें दाखविणारा आंकडा पडद्याच्या कोपऱ्यांत चालू केला आणि एकच ठराविक देखावा पुनःपुन्हां खेळून पाहिला. वहींतील नोंदी अशा: सर्व सेटिंग्ज उंच, १४ चित्रें. सावल्या कमी केल्या, १६. सर्व सेटिंग्ज अगदीं खालीं आणल्या, २३. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर त्याच्या उत्पादकाच्या ठिकाणाहून नवा घेतला, २३ च.

येथें पुतण्यास वाईट वाटलें, पण आप्पांना शंका आली. शिफारशीच्या जवळपास असलेलें यंत्र सर्वांत खालच्या सेटिंग्जवरही २३ वर कां अडावें? मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि खेळ चालू असतांना त्यांतील ‘परफॉर्मन्स’चें पान पाहिलें. तेथें चित्रें रंगविणारीं दोन साधनें दिसत होतीं. प्रोसेसरच्याच पोटांत असलेलें लहान साधन शंभर टक्के कामांत बुडालेलें होतें. आणि ज्यासाठीं पूर्वी पैसे मोजले होते तें स्वतंत्र कार्ड जवळजवळ स्वस्थ बसून होतें.

टेबल ओढून पाठीमागें पाहिलें. मॉनिटरची केबल स्वतंत्र कार्डाच्या खोबणींत नव्हती. वरच्या बाजूस, मदरबोर्डाच्या खोबणींत खोंचलेली होती. चैत्रांत खोलीस चुना काढतांना सारें सामान हलविलें होतें, आणि पुन्हां जोडलें होतें तें मींच. दोन्ही खोबणी आकारानें एकच. जेथें बसली तेथें मीं केबल खोंचली. लिहिण्यावाचण्याच्या कामास त्यानें कांहीं बिघडत नाहीं, म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. केबल योग्य जागीं लावतांच त्याच देखाव्यांत, सेटिंग्ज उंच ठेवूनही, ५२ चित्रें पडूं लागलीं.

रत्नागिरीची हवा

परंतु चाळीस मिनिटें खेळ चालल्यावर आंकडा ३१ वर घसरला. हा दुसरा दोष निराळा होता. संगणकाचीं साधनें फार तापलीं म्हणजे जळूं नयेत म्हणून आपणहून आपला वेग कमी करतात. पुष्कळ प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असें करूं लागतात. आरंभीं चांगला चालणारा खेळ अर्ध्या तासानें मंदावला, तर प्रथम उष्णतेचा संशय घ्यावा.

आमच्या किनाऱ्यावर हवा दमट व खारट. तींत धूळ नुसती बसत नाहीं, चिकटते. त्यांत आमचा संगणक टेबलाखालच्या बंद कपाटांत, भिंतीला टेकून ठेवलेला होता. वीज बंद करून, प्लग काढून, पंख्याचें पातें बोटानें धरून आम्हीं मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ काढली. (पातें न धरतां वाऱ्याच्या झोतानें गरगर फिरूं दिल्यास पंखा बिघडण्याचा संभव असतो.) ओलें फडकें आंत मुळींच लावूं नये. नंतर यंत्र कपाटाबाहेर, भिंतीपासून वीतभर दूर ठेविलें. तासाभरानंतरही आंकडा ५० च्या खालीं आला नाहीं.

कोंकणांतील घरांसाठीं आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पावसाळ्यांत यंत्र महिनोन्महिने बंद ठेवूं नये. आठवड्या-पंधरवड्यानें तासभर चालविल्यास आंतील दमटपणा कमी होतो. वळवाच्या गडगडाटांत खेळ थांबवून विजेचा प्लग व इंटरनेटची तार, दोन्ही काढून ठेवावीं. लॅपटॉप असेल तर खेळतांना चार्जर लावलेला असावा. बॅटरीवर तो वेगाच्या बाबतींत हात आखडता घेतो. त्यांतही दोन ग्राफिक्स साधनें असलीं, तर विंडोजच्या ‘डिस्प्ले’ विभागांतील ‘ग्राफिक्स’ या ठिकाणीं त्या खेळासाठीं अधिक शक्तीचें साधन नेमून द्यावें.

सेटिंग्जची काटकसर

आतां राहिली सेटिंग्जची गोष्ट. सारेंच खालीं आणणें म्हणजे महागाई आली म्हणून मिठापासून तुपापर्यंत सर्व जिनसा सारख्याच कमी करण्यासारखें आहे. जेथें खर्च फार आणि चव थोडी, तेथें प्रथम कात्री लावावी. सावल्या, प्रतिबिंबें, धुकें व ‘रे ट्रेसिंग’ या गोष्टींना श्रम फार लागतात. त्या एक-दोन पायऱ्या उतरविल्या तरी खेळण्याच्या भरांत डोळ्यांस फारसें जाणवत नाहीं. ‘टेक्स्चर’ म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाची नक्षी; तिचा भार मुख्यतः कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीवर पडतो. ती स्मृति पुरेशी असेल तर टेक्स्चर कमी करून वेग फारसा वाढत नाहीं. अपुरी असेल तर तें कमी केल्यावांचून गति नाहीं.

पडद्यावरील ठिपक्यांचा हिशेबही ध्यानांत ठेवावा. १९२० गुणिले १०८० या मापांत सुमारें २० लाख ७४ हजार ठिपके असतात. ३८४० गुणिले २१६० या मापांत त्याच्या नेमके चौपट. घरीं मोठा पडदा आला आणि खेळ मंदावला, तर कार्ड म्हातारें झालें असें नव्हे. त्याचें काम चौपट झालें. अशा वेळीं लहान मापांत चित्र रंगवून तें मोठें करण्याची सोय पुष्कळ नव्या खेळांत असते. एन्व्हिडियाची डीएलएसएस ही पद्धति २०१८ सालापासूनची असून तिला त्या कंपनीचेंच आरटीएक्स जातीचें कार्ड लागतें. एएमडीची एफएसआर २०२१ सालीं आली व तिच्या आरंभींच्या आवृत्त्या इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात.

आम्हीं सावल्या एक पायरी उतरविल्या, धुकें कमी केलें, आणि चित्रांची मर्यादा ६० वर बांधली. कारण आमचा मॉनिटर सेकंदाला तेवढींच दाखवूं शकतो. खेळ ६० वर स्थिर झाला.

खेळच सदोष असेल तर?

कधीं कधीं गृहस्थाचा कांहींच दोष नसतो. ‘बॅटमन: आर्कहॅम नाइट’ हा खेळ जून २०१५ मध्यें निघाला, तेव्हां त्याची संगणकावरील आवृत्ति इतकी सदोष होती कीं प्रकाशकांना तिची विक्री कांहीं महिने थांबवावी लागली. १० डिसेंबर २०२० रोजीं निघालेला ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ सोनीनें दोन आठवड्यांच्या आंत आपल्या दुकानांतून काढून घेतला. तो जून २०२१ मध्यें परत आला. म्हणून नवा खेळ निघाल्याच्या दिवशींच घेण्याची घाई करूं नये. स्टीम या दुकानांतून घेतलेला खेळ खरेदीपासून १४ दिवसांच्या आंत व दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास पैसे परत मागतां येतात. तेव्हां ते पहिले दोन तास तपासणीसाठींच राखावे. मात्र कांहीं खेळ प्रथम चालवितांना ‘शेडर’ तयार करीत बसतात, आणि त्या वेळीं अडखळतात; तें काम पुरें होईपर्यंत निकाल देऊं नये.

आमच्या घरचे चाळीस हजार रुपये वांचले. कौलें मृगापूर्वी चाळून झालीं. आप्पांच्या सांगण्यावरून त्या रात्रीं पंक्तींत मीं सर्वांसमक्ष पुतण्यास म्हटलें कीं केबल मीं चुकीची लाविली होती, आणि यंत्रांत नको तें भरल्याचा आळ मीं उगाच घेतला. तो कांहीं बोलला नाहीं. पण त्यानें दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि वहिनींनीं तो न विचारतां चार घास अधिक वाढला.

ती वही आतां संगणकाशेजारी असते. कांहीं अडलें कीं घरांतील मुलें आधीं तींत तारीख घालतात. ज्या घरांत असा प्रसंग येईल, तेथें वडील माणसांनीं नाद व यंत्र यांवर निकाल देण्यापूर्वी मुलाशेजारी तासभर बसावें, आणि पहिली नोंद आपल्या हातानें करावी, एवढेंच सुचवावेंसें वाटतें.