आजोबांच्या भुवईवरची खोक: फोटो एडिटिंग शिकताना मी काय चुकले

"फोटो एडिटिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला सारखा येतो. मी डिझायनर नाही. बीटेक केलंय, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहिते, आणि गेल्या वर्षापर्यंत माझं एडिटिंग म्हणजे फिल्टर लावणं आणि कडेला आलेला कुणाचा तरी हात क्रॉप करणं. त्यामुळे आज सगळ्या बटणांची टूर देणार नाहीये. एक फोटो दुरुस्त करताना मी काय गोंधळ घातला आणि त्यातून काय कळलं, तेवढंच सांगते.

फोटो आजीआजोबांच्या लग्नातला, 1966 चा. आजीचं घर चिपळूणला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं कपाट बुडालं आणि अल्बम नेमका खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर मामाने चिखलातून जे वाचवता येईल ते वाचवलं. लग्नाचा हा एकच फोटो हाती लागला. पोस्टकार्डाएवढा, तपकिरी डाग पडलेला, मधोमध घडी, आणि कडेचा थर पापुद्र्यासारखा सुटायला लागलेला. आजोबा नाहीत आता. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला हा फोटो मोठा करून लावायचा असं ठरलं आणि आई मला म्हणाली, "तू कॉम्प्युटर इंजिनियर ना? मग कर की नीट." (ज्यांना लग्नघरात प्रिंटर दुरुस्त करायला बसवलं गेलंय, त्यांना हे वाक्य ओळखीचं असेल.)

पहिला प्रयत्न असा: ट्यूबलाइटखाली फोनने फोटोचा फोटो काढला, एका अ‍ॅपमध्ये टाकला, डाग जावेत म्हणून स्मूथचा स्लायडर पूर्ण उजवीकडे ओढला आणि सेव्ह केलं. त्याच फाइलवर. चेहरे मेणाचे झाले होते, पण डाग गेले म्हणून मी खूश. मग एआय वापरून जुने फोटो "एन्हान्स" करणारं दुसरं अ‍ॅप मिळालं. त्याने तर कमालच केली. डोळे चकचकीत, त्वचा गुळगुळीत, आणि आजीच्या मुंडावळ्यांच्या झाल्या कपाळावर रुळणाऱ्या बटा. व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवलं. तिने चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण हे कोण?"

हसू आलं, पण कारण समजून घेण्यासारखं आहे. अस्पष्ट चेहऱ्यात जी माहितीच नाही, ती कुठलंही सॉफ्टवेअर शोधून काढू शकत नाही. एआयचं मॉडेल हजारो इतर चेहरे बघून शिकलेलं असतं, आणि जिथे माहिती कमी पडते तिथे ते "साधारण असा चेहरा असतो" असं धरून भरतं. सेल्फीत ते चालून जातं. पण ज्या माणसाचा दुसरा फोटोच उरलेला नाही, त्याच्या जागी एक देखणा अनोळखी माणूस येऊन बसतो.

आता खरा फटका. मी चिपळूणला गेले, फोटो नीट स्कॅन करायचा म्हणून अल्बमच्या प्लास्टिकमधून बाहेर काढला, आणि काढताना सुटलेल्या थराचा एक तुकडा निघून आला. बोटाच्या पेराएवढा. नेमका आजीचा डावा हात. उचलायला गेले तर त्याचा भुगा झाला. (तुमच्याकडे प्लास्टिकला चिकटलेला जुना फोटो असेल तर ओढू नका. प्लास्टिकसकट स्कॅन करा. मला हे नंतर कळलं.) म्हणजे तो हात कागदावर आता नाही. माझ्या फोनमधल्या पहिल्या फोटोत होता, पण त्यावर मी स्मूथ करून सेव्ह केलेलं, आणि बॅकअपमध्येही तीच मेणाची आवृत्ती. ऑफिसात कुणी मेन ब्रँचवर डोळे झाकून फोर्स पुश केलं तर मी त्याला सोडत नाही, आणि इथे मीच ते केलं होतं.

म्हणून सुरुवात कुठून करायची, याचं माझं उत्तर: मूळ फाइलला हात न लावण्यापासून. कॉपी करा, मूळ फाइलला "ओरिजिनल" नाव द्या, आणि ती फोनमध्ये व शिवाय दुसरीकडे ठेवा. मेसेजिंग अ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत मूळ धरू नका, ती वाटेत लहान होते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेपेग फाइल उघडून, बदलून पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह केली की ती नव्याने दाबली जाते. चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकटींमध्ये तोडून, डोळ्याला फारसे कळणार नाहीत ते बारकावे टाकून दिले जातात. एकदा केलं तर कळत नाही. दहादा केलं तर कडांभोवती चौकोनी कचरा दिसायला लागतो.

स्कॅन मी झेरॉक्सच्या दुकानात 600 डीपीआयवर करून घेतला. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो म्हणजे 2100 बाय 3000 पिक्सेल. बारा इंच उंच प्रिंट काढली तरी इंचाला 250 पिक्सेल मिळतात, फ्रेमला भरपूर. फोटो काळापांढरा असूनही स्कॅन रंगीत करायला सांगितला. दुकानदाराने माझ्याकडे विचित्र बघितलं. त्याचं कारण पुढे येईल.

सॉफ्टवेअर घेतलं गिंप. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि 1996 मध्ये लोकांसाठी खुलं केलं. फोटोशॉप त्याआधीचं, 1990 चं. पण त्यातही लेयर आले 1994 मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर एकदा रंगवलं की खालचं गेलं.

तर लेयर म्हणजे काय? फर्स्ट इयरचं इंजिनियरिंग ड्रॉइंग आठवा. शीटवर थेट खोडरबर चालवण्याऐवजी वर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि दुरुस्ती त्यावर करायची. पेपर काढला की खालची शीट जशीच्या तशी. गिंपमध्ये असे हवे तेवढे पेपर एकावर एक ठेवता येतात, प्रत्येकाला नाव देता येतं, डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून लपवता येतं.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या संध्याकाळी मात्र माझा ब्रश चालेचना. मी ओढतेय, स्क्रीनवर काही नाही. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. तरी तेच! शेवटी कळलं की कुठेतरी आधी एक छोटा चौकोन सिलेक्ट केलेला होता, आणि सिलेक्शन असेल तर ब्रश फक्त त्याच्या आतच उमटतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबलं, सिलेक्शन गेलं, ब्रश चालू. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे आपण भलत्याच लेयरवर उभे असतो. नवशिक्यांचा निम्मा वैताग या दोन गोष्टींत असतो, हे माझं मत. बटणं पाठ करण्यापेक्षा "मी आत्ता कुठल्या लेयरवर आहे आणि काय सिलेक्ट आहे" हे बघायची सवय आधी लावा.

आता तो रंगीत स्कॅन. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, 0 ते 255. चिखलाचा डाग तपकिरी, म्हणजे त्यात लाल भरपूर आणि निळा कमी. त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये फिका. मूळ लेयरची डुप्लिकेट काढली, मोनो मिक्सरमध्ये फक्त लाल ठेवला, बाकी दोन शून्य. ब्रश न लावता बरेचसे डाग पुसट झाले! काळापांढरा स्कॅन केला असता तर ही सोयच गेली असती.

मग लेव्हल्स. तिथे डोंगरासारखा जो आलेख दिसतो तो हिस्टोग्राम: डावीकडे गडद पिक्सेल, उजवीकडे उजळ. आमच्या विटलेल्या फोटोत सगळा डोंगर मध्ये गोळा झालेला आणि दोन्ही टोकं रिकामी. काळ्या आणि पांढऱ्या त्रिकोणाला डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणलं की फोटोत जीव येतो. पण पायथ्याच्या आत घुसायचं नाही. मी घुसले होते, आणि आजीच्या शालूची सगळी वेलबुट्टी पांढरीफटक झाली.

घडी आणि ठिपक्यांसाठी दोन टूल्स. क्लोन एका जागेचे पिक्सेल उचलून दुसरीकडे जसेच्या तसे चिकटवतं. हील तिथला पोत उचलतं, पण रंग आणि उजेड नव्या जागेशी जुळवून घेतं. दोन्हीत कंट्रोल दाबून आधी "कुठून घ्यायचं" तिथे क्लिक करायचं. भिंत, गाल, कापड यांना हील. फेट्याच्या कडेसारखी ठळक रेघ असेल तिथे क्लोन, कारण हील कडेपाशी रंग फासून टाकतं. आणि मुख्य गोष्ट, एक रिकामा लेयर घ्या, टूलच्या ऑप्शनमध्ये "सॅम्पल मर्ज्ड" टिक करा आणि त्या रिकाम्या लेयरवरच दुरुस्ती करा. झूम 100 टक्क्यांच्या आसपास ठेवा. मी एक अख्खा शनिवार 800 टक्के झूम करून मागच्या पडद्यावरचे ठिपके वेचत बसले होते, जे प्रिंटमध्ये कुणाला दिसणारही नव्हते.

तीन आठवडे रोज रात्री तासभर बसले. मग आजीला पुन्हा दाखवलं. या वेळी "हे कोण" नाही. ती बघतच राहिली. आणि मग म्हणाली, "ह्यांच्या भुवईवरची खोक कुठे गेली?"

कुठली खोक? लहानपणी आंबे काढताना झाडावरून पडले होते म्हणे, उजव्या भुवईत टाके पडले होते. मी तो पांढरा ओरखडा पुराचा समजून पुसून टाकला होता. इतका सफाईने की मलाच आठवत नव्हतं.

पण या वेळी "चेहरा दुरुस्ती" हा लेयर वेगळा होता. त्यावर गेले, खोडरबर घेतला, भुवईवर दोनदा फिरवला. खालून खोक परत आली. वीस सेकंदांचं काम. आजी फोनवर म्हणाली, "हां, हे आमचे."

हाताचं मात्र जमलं नाही. मेणाच्या आवृत्तीतून हात कापून, आकार जुळवून लेयरवर ठेवून बघितला. बोटं प्लास्टिकची दिसतात. आईला तो हवा होता, आजीला नको. फ्रेममधल्या प्रिंटमध्ये ती जागा पडद्याच्या राखाडी रंगात सोडलीय. फाइलमध्ये "डावा हात" नावाचा लेयर आहे, डोळा बंद करून ठेवलेला.

लॅपटॉप नसेल तर? ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, त्यात लेयर मिळतात, पण छोट्या स्क्रीनवर बोटाने काम करणं जिकिरीचं. फोनवर मी स्नॅपसीड वापरते. केलेल्या एडिट्सची यादी उघडून त्यातली एखादी बदलता येते. गिंपमध्ये "सेव्ह" केलं की एक्ससीएफ फाइल बनते, तिच्यात सगळे लेयर राहतात. जेपेग हवी असेल तर "एक्स्पोर्ट". दोन्ही करा, आणि एक्ससीएफ डिलीट करू नका.

पुढच्या एपिसोडमध्ये लेयर मास्क, म्हणजे खोडरबरही न वापरता खोडायचं कसं ते. तोवर घरातला एखादा जुना फोटो स्कॅन करून ठेवा, आणि त्यावरचे डाग पुसण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा की नक्की डाग कुठला.