उजवा पाय, डावा पाय

छोट्या कुपीत अल्कोहोल असते आणि तळाशी काळपट गाळ. तो काचेच्या बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की गाळाला पाय फुटतात, पंख फुटतात, डोळे फुटतात. जंगलात काही आठवडे उभ्या असलेल्या सापळ्याची ही कमाई: डास, चिलटे, तुडतुडे, तांदळाच्या कणीएवढ्या गांधीलमाश्या. बारीक टोकाचा चिमटा एकेक जण बाजूला सारत जातो. मग पाठीला पोक, बारके गोल डोके आणि त्यातून खाली लोंबणारी लांब सोंड अशी एक आकृती येते आणि चिमटा थांबतो.

ही एम्पिडिडी कुळातली माशी. इंग्रजीत तिला डान्स फ्लाय म्हणतात. मराठीत रूढ नाव नाही, तेव्हा नाचमाशी म्हणायला हरकत नाही. या कुळातल्या ३,०००हून जास्त जातींना आजवर नावे मिळाली आहेत, आणि सापळ्यांतून निनावी येणाऱ्या अजून संपलेल्या नाहीत.

सापळ्याचीही एक गंमत आहे. रने मलेझ या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते की तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडण्यासाठी वर वर चढतात आणि कोपऱ्याला भोक असेल तर तिथून निसटतात. १९३४ साली ब्रह्मदेशात त्याने या सवयीचाच सापळा केला: जाळीचा तंबू आणि सगळ्यात उंच टोकाला बाटली. आजही जगभर हाच तंबू मलेझच्या नावाने उभा राहतो. रात्रंदिवस, पावसापाण्यात, कोणी लक्ष न देता तो माश्या गोळा करतो. त्याचा तोटाही यातच आहे. माशी पकडली गेली तेव्हा ती काय करत होती, हे पाहायला तिथे कोणीच नसते.

नाचमाशीच्या बाबतीत तर खरे पाहण्यासारखे तेवढेच. नर एखादे चिलट मारतो, ते घेऊन थव्यात येतो आणि मादीला देतो. ती खाते तोवर मीलन उरकते. हिलारा वंशातले नर भेटवस्तू रेशमात गुंडाळतात. हे रेशीम तोंडातून येत नाही, पुढच्या पायांच्या फुगीर पावलांतून येते. काहींची तर पुडी नुसतीच असते, आत काही नाही. एकोणिसाव्या शतकात ऑस्टेन-साकेन या रशियन सरदाराने आल्प्समध्ये उन्हात चमकत तरंगणारे पांढरे ठिपके पाहिले. ते अशाच रिकाम्या पुड्या घेऊन उडणारे नर होते. पुढे १८८८ साली बेकर या जर्मन अभ्यासकाने त्या माशीला हिलारा सार्टोर हे नाव दिले. सार्टोर म्हणजे लॅटिनमध्ये शिंपी. लग्नाच्या अहेराचे रिकामे पाकीट ज्याने कधी हातात धरले असेल, त्याला या शिंप्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

उत्तर अमेरिकेतल्या रॅम्फोमाया लाँगिकाउडा जातीत फसवणूक माद्या करतात. त्या स्वतः शिकार करत नाहीत. नराने आणलेल्या घासावरच त्यांची अंडी पोसली जातात. म्हणून संधिप्रकाशात थव्यात शिरण्याआधी त्या हवा गिळून पोट फुगवतात आणि खवलेदार पाय दोन्ही बाजूंना धरतात. खालून पाहणाऱ्या नराला वाटते, अंड्यांनी भरलेली मादी आली.

बशीतल्या अल्कोहोलमध्ये यातले काही दिसत नाही. फुगलेले पोट नाही, थवा नाही, रेशमी पुडी नाही. वर्णन करायचे ते या नाच संपलेल्या देहाचे.

म्हणून कामाला सुरुवात होते ती माशीच्या मागच्या टोकाकडून. जवळच्या जातींचे नर रंगरूपाने जुळे दिसतात, पण त्यांच्या जननांगाचे आकार वेगळे असतात. पोटाचे टोक सुईच्या धारेने सोडवून कोमट कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. स्नायू विरघळतात आणि मधासारख्या रंगाचे कठीण कवच तेवढे उरते. ते धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात सोडायचे आणि हवे तसे वळवत राहायचे: बाजूने, वरून, मागून. थेंब हलतो, टोक कलते, पुन्हा सुईने सरळ करावे लागते. एका कोनातले चित्र काढण्यात सकाळ जाते. काम झाले की ते टोक ग्लिसरीनसह एका इवल्या नळीत घालून त्याच माशीच्या टाचणीला खोचतात. देहापासून ते हरवले तर पुढच्या माणसाला पुरावाच उरणार नाही.

मग केसांची मोजणी. पाठीवर राठ केसांच्या ओळी किती, एकेरी की दुहेरी, मांडीवर काटे कुठून कुठपर्यंत, पंखाची कुठली शीर कडेपर्यंत पोचते. वाचायला हे वर्णन अतिशय रुक्ष वाटते, आणि ते तसेच असायला हवे. शंभर वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या कोणाला तरी नुसत्या शब्दांवरून माशी ओळखायची असते. 'सुंदर' या शब्दाचा त्याला उपयोग नाही. डीएनएसाठी एक पाय काढून देण्याची पद्धतही आता रुळली आहे. नेहमीच्या चाचणीत एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. एकाच जातीचे नर आणि मादी जुळवायला तो फार उपयोगी पडतो, कारण एका कुपीतून आले म्हणजे ते जोडीदार होते असे नव्हे. मात्र पाय देताना पुढचा देत नाहीत. नाचमाशीची निम्मी ओळख तिथेच असू शकते.

याचा सगळ्यात लख्ख दाखला जपानच्या फुजी पर्वतावरून आला. २०११ साली क्रिस्तोफ दोझरों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका नव्या जातीचे वर्णन 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात छापले. तिच्या काही नरांचे पुढचे दोन्ही पाय साधे होते, काहींचे दोन्ही पाय पावलाकडे कमालीचे रुंदावलेले. इथवर ठीक. पण काहींचा फक्त उजवा पाय रुंद होता आणि काहींचा फक्त डावा. कीटकाचे चित्र काढणारे एरवी एकाच बाजूचे पाय काढतात. दुसरी बाजू आरशातल्यासारखी तशीच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेले असते. या माशीने ते गृहीतच मोडून काढले. रुंद पायाचा उपयोग थव्यात नेमका कसा होत असेल, हे मात्र टाचणीवरचा नर सांगत नाही.

तिचे नाव एम्पिस याशहॉफोरुम. यातले एम्पिस हे वंशनाम लिनियसचे, १७५८ सालचे, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डास. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लॅटिन षष्ठी विभक्तीला मोठा मान आहे. मान एका पुरुषाला द्यायचा तर नावाच्या शेवटी इ, एका स्त्रीला दिला तर आए, अनेक स्त्रियांना दिला तर आरुम, आणि अनेक पुरुषांना किंवा स्त्रीपुरुषांना मिळून दिला तर ओरुम. म्हणजे 'याशहॉफोरुम' वाचताच कळते की ही माशी याशहॉफ आडनावाच्या एकाची नाही, अनेकांची आहे. शाळेत संस्कृतची रूपे घोकलेल्या मराठी वाचकाला हे चटकन पटेल. लॅटिन न शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ मात्र इथे हमखास ठेचकाळतात.

भारतातल्या नाचमाश्यांसाठी अभ्यासकाला आजही एन्रिको ब्रुनेत्ती यांचा १९२०चा खंड उघडावा लागतो. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला. ब्रुनेत्ती पेशाने संगीतकार होते. पोटासाठी वाद्य आणि आवडीसाठी माश्या, अशी त्यांची कलकत्त्यातली वर्षे गेली. सह्याद्रीतल्या ओढ्यावरून कोणी नवी नाचमाशी आणली तर तिचे केस आधी या वादकाच्या वर्णनांशी ताडून पाहावे लागतील. आता त्यात कायद्याचीही भर पडली आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीचे नमुने सरकारने नेमलेल्या संग्रहालयात जमा करणे बंधनकारक आहे. पूर्वी असे नमुने बोटीने लंडनला जात आणि इथल्या माणसाला आपली माशी पाहायला समुद्र ओलांडावा लागे. त्या मानाने ही कटकट परवडली.

शेवटी एक नर निवडतात. तो होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्या देहाला कायमचे बांधलेले असते तो नमुना. त्याला सहसा लाल लेबल लागते. त्याआधी अल्कोहोलमधून काढून त्याला असे सुकवावे लागते की डोळे खचणार नाहीत. एवढ्या लहान देहातून टाचणी आरपार घालता येत नाही. कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर तो चिकटवायचा आणि टाचणी कागदातून घालायची. डिंकाचा थेंब माशीच्या उजव्या कुशीला लावायची जुनी रीत आहे, म्हणजे डावी बाजू तपासायला मोकळी राहते. फुजीच्या नरांसारखा कोणी हाती आला, तर डिंकाची बाटली उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावे लागतात. उजवीकडून, मग डावीकडून, आणि मग पुढून, दोन्ही पाय एकाच चौकटीत येतील असे.