सलाईनची पिशवी उलटसुलट का करतात?

रुग्णालयात खाटेशेजारी टांगलेली सलाईनची पिशवी तुम्ही पाहिली असेल. तिच्यातील द्रावण म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते. नुसते पाणी शिरेत गेले, तर रक्तातील तांबड्या पेशी ते शोषून फुगतात आणि फुटतात. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लॅटा यांनी पटकीच्या रुग्णांना क्षारयुक्त पाणी शिरेतून दिले होते.

जुलाब-उलट्यांमुळे शरीरातील पोटॅशियमही कमी होते. ते भरून काढण्यासाठी सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. आपल्या रक्तद्रवात लिटरमागे साधारण ४ ते ५ मिलिमोल पोटॅशियम असते. १५ टक्के तीव्रतेच्या औषधात मात्र सुमारे २,०००, म्हणजे चारशे पटींहून अधिक! हृदयाचे ठोके ज्या सूक्ष्म विद्युत्-लहरींवर चालतात, त्या पेशींच्या आतील व बाहेरील पोटॅशियमच्या फरकावर अवलंबून असतात. बाहेरचे पोटॅशियम एकाएकी वाढले, तर हृदय बंद पडू शकते. म्हणूनच हे तीव्र औषध सरळ शिरेत कधीही देत नाहीत.

पण ते पिशवीत टोचले की काम संपले का? एक प्रयोग करून पाहा. मिठाच्या दाट द्रावणात थोडी शाई घाला. काचेच्या पेल्यात साधे पाणी घेऊन, कडेने हे द्रावण हळूच सोडा. ते जड असल्यामुळे तळाशी बसेल. पिशवीतही असेच होते, आणि रुग्णाकडे जाणारी नळी असते तळाशीच! शिवाय औषध रंगहीन असल्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही.

म्हणून परिचारिका प्रथम हात स्वच्छ धुते. औषधाचे नाव, तीव्रता आणि मुदत वाचते. मात्रेचे गणित करते आणि तेच गणित दुसऱ्या परिचारिकेकडून स्वतंत्रपणे तपासून घेते. पिशवीचे रबरी तोंड स्पिरिटने पुसून वाळू देते. पिशवी टांगण्यापूर्वीच औषध टोचते, ती अनेकदा उलटसुलट करते, गढूळपणा किंवा कण दिसतात का ते उजेडात पाहते आणि शेवटी औषध, मात्रा व वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवते.

आता पेल्यावर झाकण घट्ट बसवून तो चार-सहा वेळा उलटा करा. शाईचा रंग सगळीकडे सारखा झाला ना? परिचारिकेला पिशवीत नेमके हेच हवे असते.